काटकोनसाहेब

"पाड."

काटकोनसाहेब एवढंच म्हणायचे. कारण सांगायचं नाही, चर्चा करायची नाही, "ठेकेदार, जरा इकडे बघता का" असली मऊ सुरुवात तर नाहीच नाही. सकाळी साडेसातला सायकल बाभळीला टेकवायची, डोक्यावरची कळकट सोला हॅट सारखी करायची, आदल्या दिवशी चार गवंड्यांनी घाम गाळून उभ्या केलेल्या भिंतीसमोर जायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "पाड." भिंत खाली येईपर्यंत माणूस तिथून हलायचा नाही. ती आली की दुसरा शब्द, "बांध." मग सायकलच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायचे, जसं काही पाडण्याचे कष्ट त्यांनीच केले होते.

मला तो माणूस आवडायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लेखणीला उगाच पाझर फुटतो, वरून कडक पण आतून प्रेमळ वगैरे लिहिलं जातं. आतून कसे होते ते मला माहीत नाही. वरून मात्र दीड-दोन वर्षं त्यांनी माझा जीव खाल्ला, आणि जमेल तेवढा मीही त्यांचा खाल्ला.

एकाहत्तर साल. मी सत्तावीस वर्षांचा. तोवरची माझी कामं म्हणजे कोपरगावकडे कारखान्याच्या वसाहतीत कुणाची मोरी, कुणाचा जिना, कुठे विहिरीचा कठडा. अशात नगरला सावेडीच्या रस्त्यावर शिक्षकांच्या एका गृहनिर्माण संस्थेने बारा बिऱ्हाडांची दोन मजली इमारत बांधायला काढली आणि कशी कोण जाणे, ते काम मला मिळालं. संस्थेचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना सगळं गाव गुरुजीच म्हणायचं. भला माणूस, देवभोळा, पण ठेकेदार म्हणजे चोर हे त्यांनी जन्मतःच शिकून घेतलेलं. म्हणून माझ्यावर नजर ठेवायला त्यांनी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर नेमले. हे ओव्हरसियर संस्थेचे सभासदही होते. बारातलं एक बिऱ्हाड त्यांचं होतं.

काटकोनसाहेब हे नाव मजुरांनी पहिल्या आठवड्यातच ठेवलं. साहेबांच्या बगलेत कायम लोखंडी गुण्या असायचा. भिंतीचा कोपरा सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी वापरतात तो. गवंड्याचा गुण्या साहेबांना चालायचा नाही, स्वतःचा घेऊन यायचे. भिंतीला लावायचे, चौकटीला लावायचे, विटांच्या ढिगालाही लावायचे. माझा मुकादम सखाराम म्हणायचा, "म्या पायलं ना, सायकल लावताना बी झाडाला लावून बघितला त्यांनी." हे त्याने पदरचं घातलं असणार. पण साहेबांकडे बघितलं की खरं वाटायचं.

मला ते कधी नावाने हाक मारायचे नाहीत. "ठेकेदार." तेही अशा सुरात, की शेजारून जाणाऱ्याने आपला खिसा चाचपावा. "ठेकेदार आणि पाणी, उतार दिसला की पळणार," ही त्यांची आवडती म्हण. कुठून आणली होती देव जाणे, बहुधा स्वतःच केली असावी. येणाऱ्या जाणाऱ्या सभासदाला ती माझ्यासमोर ऐकवायचे आणि सभासद माना डोलवायचे. मास्तर लोक ते, म्हण ऐकली की मान डोलवायची सवयच.

वाळूची गाडी आली की साहेब तिच्यावर चढायचे. मूठभर वाळू घ्यायची, तळहातावर चोळायची, टाकून द्यायची आणि हात गुरुजींना दाखवायचा. हात मळला असला तर गाडी परत. एकदा मी गाडीवाल्याला सांगून वरचा थर धुतलेल्या वाळूचा दिला. साहेबांनी वर पाहिलंच नाही. फावडं मागितलं, गाडीच्या पोटात खड्डा केला, खालची वाळू काढली आणि माझ्याच शर्टाला हात पुसला. पांढरा शर्ट होता. सगळे मजूर फिदीफिदी हसले. त्या दिवशी मी त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. सत्तावीस वर्षांचा बाप्या, ठेकेदार म्हणवणारा, बाभळीमागे उकिडवा बसून हवा सोडतोय! दुसऱ्या दिवसापासून साहेब पंप घेऊन यायला लागले. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला ते जास्तच झोंबलं.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. माळीवाड्यातून चालत यायच्या, डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा. मूलबाळ नव्हतं, म्हणून असेल, आल्या की पहिल्यांदा मला विचारायच्या, "जेवलास का रे?" मी जेवलो असलो तरी "नाही" म्हणायचो. हुलग्याचे शेंगोळे, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. काकूंच्या हातचे शेंगोळे खाल्लेला माणूस खोटं बोलून दुसऱ्यांदा खाईल, असे. "ह्यांचं मनावर घेत जाऊ नकोस," त्या म्हणायच्या. "घरी पण असंच. तांब्या पाटाच्या मधोमध नसला तर पाणी पीत नाहीत." साहेब तिकडे पाठ करून जेवत असायचे. तिकडूनच म्हणायचे, "त्याला वाढू नकोस. उद्या मला त्याची भिंत पाडायची आहे." काकू हसून आणखी एक भाकरी माझ्या पुढ्यात टाकायच्या.

पहिले दोन महिने हे असं कुंपणाच्या भिंतीवर आणि सामानाच्या खोलीवर चाललं. त्यातच त्यांनी मला पुरता ओळखून घेतला. मुख्य इमारतीचा पाया दिवाळीनंतर घालायचा होता. गुरुजींनी भटजींकडून मुहूर्त काढून आणला. साहेबांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं काम वेगळंच चाललं होतं. प्लॉट म्हणजे पूर्वीचा संत्र्यांचा मळा. मळ्यात एक जुनी विहीर होती आणि ती कधीतरी बुजवली होती, हे त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून काढून घेतलं. मग तीन दिवस पहार घेऊन ठिकठिकाणी जमीन ठोकत फिरले, विहिरीचा काठ कुठवर येतो ते शोधलं आणि इमारत त्या काठापासून सुरक्षित अंतर सोडून आखली. कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. खुंट्यांची डोकी गेरूने रंगवली, म्हणजे त्यांची खुंटी कुणालाही ओळखू यावी. गुरुजींना म्हणाले, "पूजा तुमची, पाया माझा. तुम्ही उरका, मी दहाला येतो."

आता माझ्या पापाकडे येतो.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मांडववाले आले. खांब रोवताना आड आल्या म्हणून त्या दीडशहाण्यांनी खुंट्या उपटल्या आणि एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. सकाळी मी पोचलो तर भटजी सोवळं नेसून तयार, गुरुजी घड्याळाकडे बघतायत, सभासद मुलाबाळांसकट हजर, आणि ईशान्येच्या कोपऱ्याची खुंटी गायब. त्या कोपऱ्यात पहिला दगड बसायचा होता. मुहूर्ताला वीस मिनिटं. सखाराम तोरणं बांधण्यात गुंतलेला. साहेब दहाला येणार. मी ढिगातून गेरूच्या डोक्याची एक खुंटी उचलली, त्या बाजूची भिंत अजून व्हायची होती म्हणून शेजारच्या शेतकऱ्याच्या बाभळीच्या कुंपणापासून पावलं टाकली आणि सगळे भटजींभोवती गोळा झालेले असताना अंदाजाने ठोकून दिली. सरकारी हद्दीच्या दगडापासून मोजायचं असतं, कुंपण हे शेतकऱ्याच्या मर्जीने आत-बाहेर होतं, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. घाई झाली. त्या खुंटीपाशी दगड बसला. हळद, कुंकू, तांब्या, सुपारी, नारळ, सगळं यथासांग. बारा घरांतल्या बायकांनी त्या दगडाला हात लावून नमस्कार केला. काकूही होत्या.

दुसऱ्या दिवशी मांडव निघाला आणि साहेबांनी टेप लावला. परत लावला. मग पहार मागवली आणि दगडाच्या बाजूला जमिनीत मारली. पहार दह्यात बोट जावं तशी गेली. राख, खापऱ्या, भुसभुशीत माती. दगड बुजवलेल्या विहिरीच्या काठावर बसला होता.

गुरुजींना बोलावणं गेलं. समितीचे चार जण आले. साहेबांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "ही खुंटी कुणी ठोकली?"

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला लख्ख आठवतं. हे माझं पहिलं मोठं काम. हे गेलं तर नगरात मला कुणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधायला दिलं नसतं. गुरुजी तर माझ्या चुकीची वाटच बघत होते. मी वाकलो, खुंटी उपटली, तिचं गेरूचं डोकं वर धरलं आणि म्हणालो, "साहेब, खुंटी तर तुमचीच आहे."

खुंटी त्यांचीच होती. जागा माझी होती. पण जागेवर काही गेरू लावलेला नव्हता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस माझं थोबाड फोडणार. एक डोळा मिटून बघतात तसं नाही, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मग म्हणाले, "असेल. वय झालं."

बस. एवढंच. गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसावर त्यांनी एवढा भरवसा टाकला, तोच चुकला होता. आणि पुढे जे झालं त्याने तर त्यांचा धीरच सुटला. साहेब म्हणाले, "दगड काढायचा. तीन फूट आत घ्यायचा."

"पुजलेला दगड हलवत नसतात, साहेब," गुरुजी म्हणाले.

"मग विहिरीवर घर बांधत असतात का?"

"विहिरीवर सळईची मजबूत तुळई टाका, काँक्रीट भरा, काय वाट्टेल ते करा. पण दगड हलवायचा नाही. बारा घरांचा प्रश्न आहे."

"बारा घरांचा आहे म्हणूनच हलवायचा."

भटजींना विचारलं. ते म्हणाले, शांती करून हलवता येईल, पण आता पौष लागतोय, मुहूर्त दोन महिन्यांनी. साहेब म्हणाले, "परमिटवर आणलेलं सिमेंट गोदामात पडलंय. त्याला मुहूर्त कळत नाही. दोन महिन्यांनी त्याचा दगड होईल, मग त्याचीच पूजा करा." गुरुजी चिडले. "चूक तुमची, आणि ती झाकायला देवाचा दगड उचलायचा?" हे ते म्हणाले तेव्हा मी तिथेच उभा होतो. हातात खुंटी होती. तोंड उघडलं नाही.

साहेबांनी सखारामला सांगितलं, "घाल पहार." सखाराम दोन पावलं मागे सरला. "न्हाई सायेब. आमाला लेकरं हायत." एकही मजूर पुढे होईना. तेव्हा त्यांनी हॅट काढून सायकलवर ठेवली, पहार घेतली आणि साठीच्या घरातला तो माणूस एकटा त्या दगडाला भिडला. दगड चांगला घडीव, तिघांनी उचलायचा. ते तो इंच इंच रेटत होते आणि बोलत होते, कुणाला ते माहीत नाही. "देव दगडात असेल तर तीन फूट चालत येईल. त्याला काय पाय दुखतायत?" कुणी हसलं नाही. गुरुजी कानांवर हात ठेवून निघून गेले. मी मदतीला गेलो नाही. गेलो असतो तर मजूर भिऊन काम सोडून गेले असते, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

त्यानंतर सभासद त्यांच्याशी तुटक वागायला लागले. गुरुजींनी त्यांना काढलं नाही, कारण दुसरा ओव्हरसियर कुठला मिळायला? पण पूर्वी मास्तर लोक संध्याकाळी येऊन साहेबांच्या म्हणी ऐकायचे, ते आता येऊन माझ्याशी बोलायचे. "साहेबांचं वय झालंय, तुम्हीच नीट लक्ष ठेवा." मी, ठेकेदार, साहेबांवर लक्ष ठेवणार! मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू? आणि साहेब? त्यांनी माझा छळ दुप्पट केला. विटा पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायच्या, एक वीट कमी भिजली की सगळी रांग खाली. जिन्याच्या पायऱ्या तीनदा तोडल्या. मी एकदा संतापून ओरडलो, "साहेब, माझ्यावर सूड उगवताय का?" ते म्हणाले, "सूड उगवायचा असता तर तुझं काम पास केलं असतं."

बाहत्तरचा पाऊस आलाच नाही. सीनेच्या पात्रात वाळूशिवाय काही दिसेना, गावोगावची माणसं काम मागायला शहराकडे लोटली. पाणी टँकरचं. वरच्या मजल्याचा स्लॅब ओतला आणि आमची परीक्षा सुरू झाली. स्लॅबवर मातीची आळी करून दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवावं लागतं, नाहीतर काँक्रीट तडकतं. एवढं पाणी आणायचं कुठून? मी म्हणालो, सात दिवस मारू, बास झालं. साहेबांनी सगळ्या नगरातून रिकामी पोती गोळा केली. स्वतः. पोती ओली करून स्लॅबवर अंथरली आणि झारीने एकेका पोत्यावर पाणी शिंपडत बसले. एकवीस दिवस. खाली हापशावर बायका भांडत असायच्या आणि वर हा माणूस हॅट घालून झारी फिरवतोय. कुणी खालून ओरडायचं, "माणसं तहानली, अन् तुमी दगडाला पाजताय व्हय?" ते खाली बघायचेही नाहीत. मला मात्र बोलायचे. "वाकडं नको मारूस. पोतं कडेपासून कडेपर्यंत भिजलं पाहिजे."

त्या दिवसांत काकू डबा घेऊन यायच्या त्या थकलेल्या दिसायच्या. डोळे पिवळे झाले होते. टँकरच्या पाण्याने अर्ध्या शहरात कावीळ पसरली होती. सिव्हिलला नेलं, झाडपाल्याचं झालं, सगळं झालं. दिवाळीच्या सुमाराला काकू गेल्या.

दहाव्याला मी गेलो होतो. पिंड ठेवला. कावळा शिवेना. कुणीतरी हळूच म्हणालं, काहीतरी राहिलंय बाईच्या मनात. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्या कानाशी लागले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. पुजलेला दगड. भोवला शेवटी." ते वाईट माणूस नव्हते हो. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणतो म्हणून. मी मान हलवली. होकारार्थी. पुढे उन्हात साहेब हात जोडून उभे होते, कावळ्याची वाट बघत.

हे बोलणं बाराही घरांत गेलं. बिऱ्हाडांची चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली तेव्हा ईशान्येच्या कोपऱ्यातलं तळमजल्यावरचं घर कुणी घेईना. ज्यांच्या नावाने चिठ्ठी निघाली त्या मास्तरांची बायको सभेतच रडायला लागली. साहेब उठले आणि म्हणाले, "ते मला द्या. माझ्या घरात आता भोवायला कुणी राहिलेलं नाही."

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठेवली. इमारतीपुढे मांडव, होम, जेवणावळी. पूजेला जोडपी बसायची होती, तेव्हा साहेबांना बोलावण्याचा प्रश्न नव्हता, पण पंगतीतही कुणी बोलावलं नाही. माझी बायको बायकांत पुढेच बसली होती. तिला सातवा महिना होता, म्हणून गुरुजींच्या पत्नीने तिची ओटी भरली. माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. गुरुजी बोलले, की ठेकेदार इमानदार निघाला. टाळ्या पडल्या. मला तो नारळ हातात धरवेना. मी मागच्या बाजूने कोपऱ्यातल्या घरात गेलो.

साहेब एका ट्रंकेवर बसले होते. घरात दुसरं काही आलेलं नव्हतं, नुसता चुन्याचा वास. मी दारातच म्हणालो, "साहेब, ती खुंटी मी ठोकली होती."

"तीन फूट दोन इंच," ते म्हणाले. "मला काय सांगतोस? माझा हात चुकला तर बोटभर चुकेल. तीन फूट चुकायला मी काय झोपेत होतो?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गुरुजींनी तुला त्याच पावली हाकलला असता. मग नवा आला असता. त्याच्या चोऱ्या शिकायला मला परत दोन महिने. तुझ्या तोवर पाठ झाल्या होत्या." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, आठ दिवसांत येशील तू. आपणहून. मग वाटलं, पाया भरला की येशील. मग स्लॅब झाला की."

मी म्हणालो, "काकूंना..."

"हिला मी सांगितलं," ते म्हणाले. "हॉस्पिटलात. ती सारखी एकच विचारत होती, अहो, तुमचा हात चुकलाच कसा, आणि चुकला तर चुकला, देवाचा दगड कशाला हलवलात? तिला वाटत होतं, आपण त्यामुळेच चाललो. शेवटी मी सांगून टाकलं, की माझा हात चुकला नव्हता, ठेकेदार खोटं बोलला." त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "तिला पटलं नाही. म्हणाली, तो माझ्या हातचं जेवतो, तो खोटं बोलायचा नाही. तुम्ही उगाच पोराच्या नावावर घालताय. तेच मनात घेऊन गेली. तू आला असतास ना रे, एक वाक्य बोलून गेला असतास, तर निवांत गेली असती."

मला एकदम मांडवात जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. "आत्ता जातो," मी म्हणालो, "सगळ्यांसमोर सांगतो," आणि वळलो. साहेबांनी उठून माझं मनगट धरलं. त्या हातात अजून पहारीची ताकद होती.

"बस खाली."

"नाही साहेब, आज सांगणारच."

"बस म्हणतो ना! तुझी बायको बसलीय ना तिथे? कितवा तिला?"

"सातवा."

"आता तू जाऊन बोललास की ती सगळी बायकामंडळी तिच्या पोटाकडे बघणार. दगड ज्याच्या चुकीने हलला त्याच्या घरी आता काय होतंय ते बघू, असं. कुणी तोंडाने म्हणणार नाही, आणि तिला सगळं ऐकू येईल. दोन महिने रोज भिऊन काढेल ती. एक बाई भिऊन मेली तेवढी पुरे झाली." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मला तुझा पुळका नाही, ठेकेदार. तुला मी कधी माफ करणार नाही. बस."

मी बसलो. बाहेर होमाच्या आहुत्या चालल्या होत्या. आम्ही दोघं ट्रंकेवर बसून राहिलो.

मुलगी झाली, सुखरूप. साहेब त्या कोपऱ्यात एकटे सहा वर्षं राहिले. मी दिसलो की तोंड फिरवायचे. त्यांनी मला माफ केलं नाही, ते शब्दाला पक्के होते. ते गेले तेव्हा खांदा द्यायला बारा घरांतून तिघे आले, चौथा मी. गुरुजी गेले, सखाराम गेला. इमारत उभी आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग नाही. पुढे मी पुष्कळ इमारती बांधल्या आणि लोक म्हणतात, यांचं काम पक्कं असतं.

मुलगी सुखरूप झाल्यावर तरी मला बोलता आलं असतं. बोललो नाही. साहेबांनी मनाई केली होती, बायकोच्या जिवासाठी केली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर त्यांनी मनगट धरून खाली बसवलं, तेव्हा मला बायको आठवलीही नव्हती. सुटलो बुवा, एवढंच वाटलं होतं.